खोटी कादंबरी

“ह्यो खुनी न्हाईच,” पान उलटता उलटता तुळजाबाई म्हणाल्या. “चुलत्यानं मारलंय त्याला. तिसऱ्या पानालाच कळलं मला. त्या गुप्तहेराला अजून कावून कळंना, देव जाणे.”

ओसरीवर तूर निवडत बसलेल्या बायका हसल्या. शेजारची छबुबाई म्हणाली, “आक्का, आष्टीच्या ठाण्यात तुमालाच अमीनसायेब करायला पायजे.”

तुळजाबाई हसल्या नाहीत. त्या पुढं वाचू लागल्या. शेवटी चुलताच निघाला.

पोथी वाचता यावी म्हणून वडिलांनी त्यांना लहानपणी अक्षरओळख करून दिली होती. आता पोथी फडक्यात बांधून पडली होती आणि हातात सदा कादंबरी असायची. नवरा, मोहनराव, कापूस घेऊन नगरला गेला की एखादी आणायचा. त्याचं शिक्षण उर्दूत झालेलं. बाळबोध अक्षर तो बोट ठेवून, अडखळत वाचायचा. म्हणून बाई वाचून संपवायच्या, आणि तो विचारायचा, “कशी हाय?”

“खोटी,” बाई म्हणायच्या. राजकन्येची कादंबरी खोटी, कारण तिचा घोडा पाणी न पिता दोन दिवस पळत होता. भुताची खोटी, कारण “पिंपळावर बसून ते जेवढं बोलतंय, तेवढं आपल्या घरात जिती माणसं बोलत न्हाईत.” तरी पुस्तक संपलं, की त्या दुसरं मागायच्या.

हे सुरू झालं मानमोडीच्या साथीनंतर. त्या तापात त्यांचा एकुलता एक सुग्रीव गेला. नुकती मिसरूड फुटलेला पोरगा. मोहनराव तेव्हा खटल्यासाठी बीडला अडकला होता. परतला तेव्हा राखही सावडून झाली होती. तुळजाबाई रडल्या नाहीत. तेव्हाही नाहीत, नंतरही नाहीत. घरातलं काम यंत्रासारखं चालू होतं. तिचा दगड झाला, असं गाव म्हणू लागलं. त्या दिवसाबद्दल मोहनरावानं कधी विचारलं नाही आणि बाईंनी कधी सांगितलं नाही.

मोहनरावाची थोरली बहीण कडूबाई विधवा होऊन याच घरात राहत होती. एक दिवस गडी धुळाजी म्हशी घेऊन रानात गेल्यावर तिनं भावाला गोठ्याकडं बोलावून घेतलं.

“तिला रडव बाबा. समदं आत साचलंय. आसं माणूस जगत न्हाई.”

“म्या कसं रडवू, आक्का?”

“पुस्तकं आणतूस न्हवं? मग रडायचं आण एखादं.”

मोहनरावानं खरोखरच नगरच्या दुकानात तसं मागितलं. दुकानदार म्हणाला, “ही न्या. आमच्या आळीतल्या बायका ढसाढसा रडल्या हिच्यावर.” परतताना निजामाच्या हद्दीवर नाकेदारानं पुस्तक उलटं धरून झटकलं. आतून काही पडलं नाही, तसं त्यानं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचन झालं. कादंबरीतल्या विधवेचा एकुलता मुलगा नदीत बुडाला. तिनं ऊर बडवला, केस तोडले, “मलाही ने रे” म्हणत चितेवर धाव घेतली आणि तिथंच प्राण सोडला. छबुबाईचा पदर भिजून गेला. कडूबाई तर उठून आत गेली. तुळजाबाई त्याच सुरात, तूर निवडावी तशा एकेक शब्द वाचत होत्या. दिवस कलला, तशा बायका डोळे पुसत आपापल्या घरी गेल्या.

मोहनराव दाराआडून ऐकत होता. तो बाहेर आला, खांबाला टेकून बसला.

“कशी हाय?”

“खोटी.”

“ह्यात काय खोटं हाय गं?”

तुळजाबाईंनी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं.

“पोरगं गेल्यावर आई मरत न्हाई. त्या दिशी खांदा द्यायला गावात धड माणूस न्हवता. धुळाजीनं गाडी जुपली. डोक्याकडून त्यानं धरलं, पायाकडून म्या. गाडी गेली. रेडकू वरडत व्हतं, म्हणून म्हशीची धार काढली. मंग चूल पेटवली. वन्सं तापानं पडल्या व्हत्या, त्यांच्यापुरती भाकर टाकायची व्हती. हातानं सवयीनं त्याचीबी टाकली. तव्यावरून काढल्यावर ध्यानात आलं.”

“मंग?”

“मंग म्याच खाल्ली. दुधात कुस्करून. भूक लागली व्हती मला. लई भूक लागली व्हती. आसं कुणी लिवत न्हाई.”

 मोहनरावानं पटका तोंडावर धरला आणि तो रडू लागला. धिप्पाड माणूस, त्याचे खांदे गदागदा हलत होते. धुळाजी म्हशी घेऊन अंगणात आला, मालकाला पाहून दबकला आणि आल्या पावली म्हशींना तसाच बाहेर घेऊन गेला.

तुळजाबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या. आपल्यालाही काही होतंय का, हे जणू त्या तपासत होत्या. काही होत नव्हतं. त्या उठल्या, तांब्या भरून आणला, त्याच्या गुडघ्याजवळ ठेवला आणि पुन्हा जागेवर बसल्या.

“दोन पानं ऱ्हायलीत,” त्या म्हणाल्या. “वाचू?”

त्यानं मानेनंच हो म्हटलं.

कादंबरीतली आई गेली होती. आता शेजारीपाजारी तिच्या घराला कुलूप लावत होते. तुळजाबाई सावकाश वाचत होत्या. मोहनरावाच्या कानात त्यातलं अक्षरही शिरत नव्हतं. तरी दर वाक्याला तो पटक्याआडून “हं” म्हणत होता, आणि तो “हं” आल्याशिवाय बाई पुढचं वाक्य वाचत नव्हत्या.