मेरीमातेचं गवत

झाग्रेबच्या इस्पितळात मिर्नाला सगळे ‘गोळ्यांची डॉक्टर’ म्हणून चिडवत. क्लिनिकल फार्माकॉलॉजीचं, म्हणजे औषधं शरीरात कशी वागतात याचं, स्पेशलायझेशन नेमकं काय असतं, हे तिच्या सख्ख्या भावालाही धड सांगता येत नसे. तिला शिकवणारे प्रोफेसर पेरॉश मात्र एकच हेका धरून बसलेले: आधी रुग्णापाशी बसायचं, मग कागद बघायचे.

त्या दिवशी बोलावणं आलं ते दिन्कोसाठी. एकोणीस वर्षांचा पोरगा. आईची किडनी बसवून वर्ष होत आलेलं, आणि ती टिकवणारं औषध रक्तात दिवसेंदिवस कमी सापडत होतं. असंच चाललं तर किडनी हातची जाणार होती.

"गोळ्या चुकवतोय, दुसरं काय!" वॉर्डातले डॉक्टर म्हणाले.

"एकही नाही चुकवली!" दिन्को रडकुंडीला आला.

"दुसरं काही औषध घेतोस?" मिर्नानं विचारलं.

"काहीच नाही."

ती खुर्ची ओढून बसली खरी, पण पुढे काय विचारावं सुचेना. दिन्कोची आई, ल्युबित्सा, थर्मासमधून त्याला चहा ओतत होती. आलेल्या माणसाला कोरडं कसं बसवायचं, म्हणून एक कप तिनं मिर्नालाही दिला. पहिल्याच घोटाला मिर्ना थबकली. ही कडसर चव तिच्या माहेरची होती.

"मावशी, हे मेरीमातेचं गवत ना?"

"तेच गं! संत इवानच्या सणाला मी स्वतः डोंगरावरून खुडून आणते. पोरगं हल्ली उदास असतं, म्हणून रोज देते."

मिर्नानं कप खाली ठेवला. हे गवत त्या औषधाला शरीरात टिकूच देत नाही. पण घरोघरी पितात त्या चहाला औषध कोण म्हणतं? तिच्या आजीनंही म्हटलं नसतं.

तिनं समजावून सांगितलं. ल्युबित्साचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे दिलेली किडनी मीच काढून घेत होते?"

"उलट, तुम्ही कप दिलात म्हणून कळलं. नाहीतर आम्ही याला खोटारडा ठरवून मोकळे झालो असतो. तुमचे फार उपकार झाले, मावशी."

चहा बंद झाला. हळूहळू औषध पुन्हा रक्तात टिकू लागलं. रिपोर्ट घेऊन मिर्ना धावत प्रोफेसरांकडे गेली. "सर, किडनी वाचली! तुम्ही बसायला शिकवलंत म्हणून."

"माझे आभार कसले मानतेस? पळ, त्या माउलीला सांग आधी!"

ल्युबित्सानं ऐकलं. मिर्नाचा हात ओढून तिनं आपल्या कुशीवरच्या व्रणावर ठेवला.

"वर्षभर इथं ठणकत होतं गं," ती म्हणाली. "आज नाही."