दादा कामाला आहे

पगार झाला की पंचशीला पाकीट दादाच्या उशीखाली सरकवून ठेवायची. मग दादा ते शेजाऱ्यांदेखत आईच्या हातात द्यायचा. ही युक्ती आईची, वैजयंताबाईंची. पेणकरपाड्यातल्या त्या चाळीच्या भिंती पातळ होत्या. "पोरगी कमावते आणि पोरगा खातो," असं पलीकडून एकदा ऐकू आलं आणि आईला ते झोंबलं. तेव्हापासून हे नाटक सुरू झालं.

पंचशीला भाईंदर पूर्वेला प्लास्टिकच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर दुसऱ्यांचे निरोप इकडून तिकडे द्यायचे आणि संध्याकाळी घरातलं खोटं सांभाळायचं. तिला दोन्हीचा सारखाच शीण यायचा.

तिचा दादा संघर्ष एम.ए. झालेला. नांदेडकडच्या अख्ख्या भावकीत एवढं कुणी शिकलं नव्हतं. बाबा, म्हणजे नागोराव, नगरपरिषदेत पाणी सोडायच्या कामावर होते. कोणत्या गल्लीला कधी पाणी येणार हे सांगता सांगता ते 'आमचा संघर्ष साहेब होणार' हेही सांगून टाकायचे. सरकारी भरतीच्या प्रतीक्षायादीत दादाचं नाव लागलंही होतं, पण पुढे भरतीच थांबली. खाजगी ठिकाणी आडनाव विचारायचे, गाव विचारायचे आणि मग 'कळवतो' म्हणायचे. केबिन रोडवरच्या एका कापडदुकानात तो काही महिने टिकला. तिथे मालकाचा पुतण्या गिऱ्हाइकांसमोर त्याला 'सरकार का जमाई' म्हणून हाक मारायचा, हे पंचशीलाला फार नंतर कळलं. तेव्हा दादा घरी येऊन एवढंच म्हणाला होता, "सोडलं."

त्या रविवारी बाबांचे चुलतभाऊ दशरथकाका पंचशीलासाठी स्थळ घेऊन आले. बरोबर मुलाचे मामा, कल्याणचे राघोजी. आईनं दादाला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला.

"थोरले चिरंजीव कुठे असतात?" राघोजींनी विचारलं.

"कामाला आहे ना," बाबा घाईनं म्हणाले. "अंधेरीला, ऑफिसात."

"कसलं ऑफिस?"

सगळे दादाकडे पाहू लागले. तो हसला. "एक्स्पोर्टचं," तो म्हणाला आणि सुरूच झाला. साहेब कसा आहे, जेवणाची सुट्टी कधी होते, दिवाळीला काय देतात, सगळं सगळं. राघोजी विचारत गेले, तो न अडखळता उत्तरं देत गेला. पाहुणे खूश झाले. ते गेल्यावर आई म्हणाली, "बरं निभावलंस बाबा!" आणि त्याच्या ताटात जास्तीचा गोड घास वाढला. त्यानं तो खाल्ला नाही. पंचशीलानं ते पाहिलं, पण तिलाही सकाळी लवकर उठायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या बोर्डावर फोन आला. तिनं कारखान्याचं नाव सांगितलं, तर पलीकडून ओळखीचा घोगरा आवाज आला.

"पंचशीला हाय का?"

"बाळाकाका? मीच बोलतेय."

"बाय, संगर्षला दवाखान्यान आनलंय. जीव हाय. तू ये."

बाळाकाका चाळीचे मालक. पेणकरपाड्यातले जुने आगरी. एकेकाळी त्यांची भातखाचरं होती, ती बिल्डरला विकून झाली होती. घर बंद करून दादानं जीव द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा दार फोडून आत शिरले ते बाळाकाकाच. त्यांनीच त्याला टेम्पोत घालून आणलं होतं.

पंचशीला पोचली तेव्हा हवालदार कॉटपाशी उभा होता.

"लव्ह मॅटर आहे काय?" त्यानं विचारलं.

"नाही हो साहेब," बाबांनी हात जोडले. "चुकून झालं. त्याचं सगळं चांगलं चाललंय. कामाला आहे तो."

दादा शुद्धीवर होता. त्यानं डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. पंचशीलाला वाटलं, हा इथून बरा होऊन घरी आला, तरी पुन्हा त्या इस्त्रीच्या शर्टातच येणार.

दोन दिवसांनी दशरथकाका आणि राघोजी विचारपूस करायला दवाखान्यात आले. "ऑफिसात काही भानगड?" राघोजींनी हळूच विचारलं. बाबा काहीतरी बोलणार, तेवढ्यात पंचशीला म्हणाली, "ऑफिसच नाही. दादाला काम नाही. घर बाबांच्या आणि माझ्या पगारावर चालतं. तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं."

आईनं कपाळाला हात लावला. राघोजी जरा बसले, मग बसची वेळ झाली म्हणाले. ते स्थळ गेलं.

सगळे गेल्यावर दादानं विचारलं, "कशाला सांगितलंस? तुझं तरी झालं असतं."

"कंटाळा आला मला," ती म्हणाली. "खूप कंटाळा आला, दादा."

"मला पण," तो म्हणाला. त्याला रडू येत होतं. बाप्यानं रडू नये म्हणून तो ओठ आवळून होता. तिनं पंखा मोठा केला आणि बाहेर पाहत राहिली, तेव्हा तो रडला.

बाळाकाका रोज यायचे, स्टुलावर बसायचे. त्यांचा मुलगा मितेश आदल्या वर्षी असाच जीव देऊन गेला होता. खाचरं विकल्यावर त्याला मोटरसायकल मिळाली, पण काम मिळालं नाही. लोक म्हणाले, पैसा माजला, दारूनं गेला. बाबाही तसंच म्हणाले होते.

एका दुपारी दादानंच विचारलं, "काका, मितेश शेवटचं काय बोलला होता?"

काकांनी गुडघे चोळले. "चाय हाय का, म्हनला. मी म्हटलं, उठून बग. दिसभर लोलतस." त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "लोक सांगतात दारू. दारू मागशी आली. आदी तो नुस्ता बसून रायचा. मना वाटायचं, आलशी हाय. कुनी इचारलाच न्हाय त्याला."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यानं?"

"मना ठाव न्हाय," काका म्हणाले.

बाबा दाराशी उभे होते. ते आत आले नाहीत. रात्रपाळीला जायचं होतं, तरी बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

दादा घरी आला. पगाराचं पाकीट आता पंचशीला सरळ आईच्या हातात द्यायची. पहिल्या वेळी आईनं दार लोटून घेतलं, पुढे तेही सोडून दिलं. चाळीत कुजबुज झाली आणि थोड्या दिवसांनी विरली. बाबांची नोकरीचं विचारायची सवय मात्र जाईना. संध्याकाळी दादाला पाहिलं की 'काय झालं आज?' त्यांच्या ओठांवर यायचं. मग ते 'जेवलास का?' म्हणायचे. दादाला ते कळायचं.

कुणी 'सध्या काय करतोस?' म्हणून विचारलं, तर तो 'काही नाही, घरी असतो' असं सांगायला शिकला. सुरुवातीला त्याचा चेहरा उतरायचा.

पुढल्या वर्षी मीरा रोडला एका शिकवणीवर्गात त्याला इतिहास शिकवायचं काम मिळालं. तुटपुंजं होतं आणि सुट्टीत बंदच पडायचं. पंचशीलाचं लग्न उशिरा झालं, संध्या नावाच्या तिच्या मैत्रिणीच्या भावाशी. त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं.

दादाचे वाईट दिवस अजून यायचे. दोन-दोन दिवस तो अंथरुणातून उठायचा नाही. तेव्हा आई निरोप पाठवायची आणि पंचशीला कामावरून परस्पर माहेरी यायची. ती त्याच्याशेजारी भिंतीला टेकून बसायची.

"बरं नाही वाटत," तो म्हणायचा.

"सांग," ती म्हणायची. दमलेली असायची, मधेच डोळा लागायचा. तो बोलत राहायचा.