मारूसियाची चरबी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीजर आहे. आइस्क्रीमचा नव्हे. कॅनडातल्या विनिपेग शहरात एका कर्करोग प्रयोगशाळेच्या तळघरात मी उभा असतो, पोटात उणे ऐंशी अंश थंडी घेऊन. एवढ्या थंडीत फारसं काही वाटत नाही. तेव्हा माझ्याकडून रडण्याची अपेक्षा ठेवू नका.

नवा होतो तेव्हा माझा तोरा होता. पुढे शेजारी चकचकीत फ्रीजर आला. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी त्याच्याकडे गेल्या आणि गाठींभोवतीची चरबी माझ्या वाट्याला आली. चरबीला कोण विचारतो?

आमची संशोधक डेल्फीन कोर्मिये तेवढी विचारायची. ती सांगायची, अंगात चरबी फार साठली की तिच्या पेशी फुगून मरू लागतात. सफाई करणाऱ्या पेशी भोवती गोळा होतात आणि बारीक आग वर्षानुवर्षं धुमसत राहते. त्या धगीत शरीराच्या शिपाई पेशी थकतात. कर्करोग समोर असतो, पण त्यांना हात उचलवत नाही. तिचं म्हणणं मला पटायचं.

एकदा वसंतात डेल्फीनचे साहेब, डॉक्टर फेअरब्रदर, खाली आले. "जागा हवी आहे. गाठी ठेव, चरबी फेकून दे." डेल्फीनने चरबीची खोकी ट्रॉलीवर काढली.

नेमके त्याच दिवशी रुग्ण प्रयोगशाळा बघायला आले होते आणि डेल्फीनने त्यांनाही शिपाई पेशींची गोष्ट सांगितली होती. त्यांत मारूसिया ह्रिन्चुक होती. जन्मभर बस चालवलेली, अंगाने आडवी, औषध लागू न पडलेली.

"या ट्रॉलीवर काय आहे गं?"

"चरबी. तुमचीही असेल. फेकायची आहे," डेल्फीन पुटपुटली.

मारूसिया खदखदून हसली. "जन्मभर सगळे डॉक्टर मला हेच सांगत आले, चरबी घालव! आता कुठे ती कुणाच्या कामाची झाली, तर तुमचंही तेच? हिवाळ्यात इंजिन गोठू नये म्हणून आम्ही गाड्यांना विजेचा प्लग लावून गरम ठेवतो. तुम्ही हिला प्लग लावून गार ठेवा की!"

साहेबांचे कान लाल झाले. मग तिचा आवाज उतरला. "पोरी, माझे शिपाई लढत का नाहीत? मीच खाऊन खाऊन हे ओढवून घेतलं का?"

"तुमची चूक नाही हो."

"तोंडदेखलं नको. बघून सांग."

"बघून सांगते," डेल्फीन म्हणाली. साहेबांनी मान हलवली आणि खोकी परत माझ्या पोटात आली. डेल्फीनने चरबीचे पातळ काप काढले आणि ती सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली. थंडी पडू लागली तेव्हा ती माझ्यापाशी आली, काप ठेवायला दार उघडलं आणि तशीच उभी राहून फोन लावला. फोन मारूसियाच्या मुलीने घेतला.

"आई गेली. मागच्या आठवड्यात."

डेल्फीन म्हणाली, "त्यांना बघून सांगायचं कबूल केलं होतं. त्यांच्या शिपाई पेशी पळाल्या नव्हत्या. गाठीपर्यंत पोचल्या होत्या. फार दमल्या होत्या, एवढंच."

"आईसुद्धा दमलीच होती हो," मुलगी म्हणाली. "पण तिला वाटायचं, आपण आळशी."

मी ओरडायला लागलो. दार उघडं राहिलं की ओरडायचं, एवढंच मला येतं. त्या दिवशी डेल्फीनने दार लावलं तरी मी बराच वेळ ओरडत होतो.

मित्रांनो, जाड माणसाला हसू नका. त्याच्या आत काय धुमसतं ते तुम्ही बघितलेलं नसतं. आणि माझं दार लावताना खटका ऐकू येईपर्यंत दाबा. आत मारूसियाने सांभाळायला दिलेली वस्तू आहे.