एका ओढीत चालू

इंजिनातलं माझ्याइतकं इंदापूर तालुक्यात कुणाला कळत नाही, असं मी वीस वर्षं स्वतःच्याच तोंडानं सांगत आलो. निमगाव केतकीतलं माझं गॅरेज लहान, पण तोंड मोठं. गिऱ्हाईक मध्ये बोललं की मी पाना खाली ठेवायचो आणि म्हणायचो, "घ्या, तुमीच करा." मग गिऱ्हाईक गप्प बसायचं. कचरूआबाही असेच गप्प बसले. त्यांनी बसायला नको होतं.

कचरूआबा उजनी धरणाच्या पलीकडच्या काठावर राहतात, मासे धरतात. त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी इंदापूरला डायलिसिस. सडकेनं यायचं तर सगळ्या धरणाला वळसा, जीपमध्ये अर्धा दिवस हाडं खिळखिळी. ते बाईंना झेपत नव्हतं. पाण्यातून सरळ आलं की अर्ध्या तासात कळाशीचा काठ, तिथून इंदापूर जवळ. आजवर कळाशीचे दादासो त्यांच्या होडीतून न्यायचे-आणायचे. पण दादासोंचा मुलगा लोणी देवकरला कंपनीत लागला आणि त्यांनी मासेमारी सोडली. आता आबांना स्वतःच्या होडीला मागं लावायला इंजन हवं होतं. नवं परवडणारं नव्हतं. जुनं निवडून द्यायला मी होतोच.

"रमजानभाई, जोर कमी आसला तरी चालंल, आवाज करू द्या," आबा म्हणाले. "फकस्त मधी पान्यात बंद पडाय नगं. तिचा जीव त्यावर हाय."

दोन इंजनं होती. एक दादासोंचंच. रंग उडालेला, झाकण तारेनं बांधलेलं, दोरी सहा वेळा ओढावी तेव्हा खोकत खोकत सुरू होणारं. मी ते काठावर बघितलं आणि मला हसू आलं. दुसरं बारामतीत, अविराज नावाच्या जुन्या मशिनरीच्या व्यापाऱ्याकडं. चकचकीत काळं. मी आबांना घेऊन गेलो, तेव्हा त्यानं ते पाण्याच्या ड्रमाला अडकवून दाखवलं.

"एकदम चालू हाय," तो म्हणाला. "शेततळ्यावरच्या होडीचं. लई वापर न्हाय."

चालू हा शब्द आमच्याकडं मशीनला लावला तर कौतुक आणि माणसाला लावला तर शिवी. मी म्हटलं, बघू कोण चालू आहे. आधी झाकणावर तळवा ठेवला. गार होतं, म्हणजे आम्ही यायच्या आधी तापवून ठेवलेलं नव्हतं. दोरी ओढली, एका ओढीत सुरू. मागच्या भोकातून पाण्याची धार पडत होती. ती धार पडली म्हणजे इंजन आतून गार राहतंय. मग मी ते बंद करून झाकण उघडलं. आत सांध्यासांध्याला पांढरी भुकटी बसली होती.

"ह्ये काय?" आबांनी विचारलं.

"क्षार. बोरच्या पान्याचा."

यात मला शंका घ्यायचं कारणच नव्हतं. आमच्या भागात हंडा, कुकर, पंप, नळाची तोटी, काय उघडाल त्यात पांढरा थर. आम्ही त्यातच लहानाचे मोठे झालो.

आबा वाकून बघत राहिले. "दादासोंचं बरं वाटतंय मला. त्याची खोड तरी ठावं हाय."

"आबा, इंजन मी निवडू का तुमी?"

त्यांनी मान खाली घातली. चकचकीत इंजन माझ्या टेम्पोत चढलं.

तीन आठवडे ते झकास चाललं. आबांनी फोन करून मला दुवा दिली, आणि मी ती गॅरेजमध्ये येईल त्याला ऐकवली.

चौथ्या मंगळवारी ते मध्ये बंद पडलं. शुक्रवार ते मंगळवार हा लांबचा टप्पा, तोवर बाईंच्या अंगात पाणी भरायचं, दम लागायचा. आधी इंजनाची धार बारीक झाली, आबांनी भोकात तार घातली, धार पडली, पुन्हा थांबली. मग धूर निघाला आणि इंजन जाम झालं. वारा समोरून होता. आबा एकटे वल्हवत होते आणि वारा होडी मागं ढकलत होता. दोन तासांनी ते जिथून निघाले त्याच काठाला लागले. जीप मिळायला दुपार झाली. लक्ष्मीबाई इंदापूरच्या अलीकडं जीपमध्येच गेल्या.

मी ते इंजन आणून खोललं. पाणी फिरायच्या वाटा धातूच्या सुटलेल्या पापुद्र्यांनी आणि पांढऱ्या खड्यांनी गच्च भरलेल्या, त्याखालचा धातू वाळवी लागल्यासारखा खाल्लेला. खडा जिभेवर ठेवला. आमचा क्षार मचूळ लागतो. हे मीठ होतं. इंजन समुद्रातलं होतं, कुणी ते गोड्या पाण्यानं कधी धुतलेलं नव्हतं. बारामतीत नुसतं बोट ओलं करून चाटलं असतं तरी कळलं असतं. मी वीस वर्षं जीभ नुसती बोलायला वापरली.

अविराजला जाऊन शिव्या घातल्या. त्यानं ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगितलं, आणि त्या माणसानं आणखी कुणाचं. त्या शिव्या माझ्या होत्या, मी त्या वाटत फिरत होतो.

शेवटी पलीकडच्या काठावर गेलो. आबा ओसरीत जाळं घेऊन बसले होते, विणत नव्हते. मी सगळं सांगितलं. मिठाचं सांगितलं, मला ओळखू आलं नाही हे सांगितलं, दादासोंचं इंजन घेतलं असतं तर बाई आज असत्या हेही सांगितलं. त्यांनी मला दोन मुस्कटात द्याव्यात, एवढीच माझी इच्छा होती.

आबांनी हात उचलला नाही.

"तिनं बी त्येच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "म्या बारामतीला निघालो तवा म्हनली, दादासोंचंच घ्या. मी त्यांच्या होडीत बसलेय, त्याचा खोकला मला वळखीचा हाय."

मी पायरीवर टेकलो.

"म्या तिच्यावर खेकसलो. म्हनलं, रमजानपेक्षा तुला जास्त कळतं व्हय?" आबांनी जाळं बाजूला सारलं. "त्यावर गप झाली. परत इंजनाचं नाव काढलं न्हाय तिनं. मधी पान्यात बंद पडलं, दम लागला, तवा बी माझ्याकडं नुसती बघत व्हती. काय बोलली न्हाय."