वडीगोद्रीच्या कॅफेत तिसरा प्रयत्न

मित्रांनो, मी एक रद्द झालेला पासवर्ड आहे. जुन्या छत्रीला निदान काड्या उरतात, जुन्या सायकलीला घंटी उरते. माझं काहीच उरलं नाही. जिवंत होतो तेव्हाही मला स्वतःचं तोंड कधी दिसलं नाही. पडद्यावर बघावं तर नुसते काळे ठिपके.

माझा जन्म दोन हजार आठ साली अंबड तालुक्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाला. त्याआधी तिथे प्रत्येक कामाला वेगळा पासवर्ड होता. निकालाला एक, फीला एक, वसतिगृहाला एक. ऑनलाइन मासिकांचा तर सगळ्या कॉलेजात मिळून एकच होता. ग्रंथपाल रायभान सरांनी तो कपाटाच्या दारावर खडूने लिहिला होता आणि खाली लिहिलं होतं, 'गुप्त'. झाडलोट करणाऱ्या सगुणाबाईंनी दिवाळीच्या सफाईत तो पुसला, तेव्हा सगळ्या कॉलेजचं वाचन बंद पडलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मग संस्थेने नवी योजना आणली. एक विद्यार्थी, एक पासवर्ड. एकदा आत शिरलं की निकाल, मासिकं, अर्ज, सगळं एकाच पानावर. उद्घाटनाला प्राचार्यांनी संगणकाला हार घातला. हारामुळे पडदा दिसेना, म्हणून योजना नीट चालू झाली असं सर्वांनी गृहीत धरलं.

रायभान सरांनी मात्र बजावलं, "पोरांनो, पह्यले चार कुलपं व्हते, आता एकच हाय. तीनदा चुकलं की खातं बंद. मंग मी उघडल्याबिगर उघडत न्हाई. आन् रविवारी मी शेतात असतो."

त्याच दुपारी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या बेबीनंदाने मला तयार केलं. माझ्यात तिच्या म्हशीचं नाव आहे आणि एक आकडा आहे. नाव सांगणार नाही. मी रद्द झालो तरी म्हैस अजून आहे, आणि तिचंही काही खासगी आयुष्य असतं.

माझी नोकरी बरी चालली. बेबीनंदा रोज यायची, मला टाइप करायची, मासिकं वाचत बसायची. इतर पोरांचे पासवर्ड रोज विसरले जायचे. मी एकदाही नाही. रायभान सर म्हणायचे, "हिचं बघा, हिचं खातं कधी बंद पडत न्हाई." मित्रांनो, पासवर्डाच्या आयुष्यात याहून मोठी स्तुती नसते.

परीक्षा झाल्यावर तिने माझ्याच मदतीने एक अर्ज भरला. जालन्याला संस्थेचं मोठं कॉलेज होतं. तिथे एम.ए.ला प्रवेश आणि वसतिगृहात जागा. घरी तिने सांगितलं नव्हतं. तिचे वडील भुजंगराव म्हणायचे, "बी.ए. म्हंजे लई झालं. त्याच्यापुढं माणूस येडं होतं." जागा मिळाली. होकार रविवारी संध्याकाळच्या आत कळवायचा होता, नाहीतर ती दुसऱ्या मुलीला जाणार होती.

त्याच रविवारी तिला बघायला पाहुणे आले.

नवरा मुलगा संपत, त्याचे मामा रामकिसन आणि आत्या झुंबरबाई. पोहे झाले. पूर्वी अशा वेळी मुलीला चालायला लावत, सुई ओवायला लावत. झुंबरबाईंनी सुई काढलीसुद्धा होती. पण मामांनी नवा मोबाइल घेतला होता आणि ते फार पुढे गेले होते.

"आक्का, सुई ठिव," मामा म्हणाले. "शिकलेली पोरगी हाय. पाव्हणं, निकाल दावा की."

"पहिला वर्ग हाय," भुजंगराव म्हणाले. "कागद यायचाय अजून."

"कागद कशाला? आता समदं नेटवर दिसतं. पोरीला लागिन करून दावू द्या."

"आत्ता? हितं?"

"हितं कसं? जीप हाय ना दाराशी."

अशा रीतीने मुलगी बघण्याचा कार्यक्रम हायवेवर वडीगोद्रीच्या इंटरनेट कॅफेत हलला. एका खुर्चीवर बेबीनंदा. मागे डोक्यावर पदर घेतलेल्या झुंबरबाई, फेटा बांधलेले भुजंगराव, मामा, संपत आणि 'अश्लील साइट पाहू नये' अशी पाटी. बेबीनंदा म्हणाली, "आज नेट न्हाई वाटतं." कॅफेवाला म्हणाला, "बिलकुल न्हाई ताई, आज तर नुसतं पळून राह्यलंय!" त्या कॅफेत नेट चालल्याचं माझ्या आठवणीतलं ते एकमेव उदाहरण.

आता तिची अडचण ऐका. मला टाइप केलं की निकालाखाली तो अर्जही दिसणार. जुन्या पद्धतीत निकालाचा पासवर्ड फक्त निकाल दाखवायचा आणि गप्प बसायचा. मला गप्प बसता येत नाही. मला तसं बनवलेलंच नाही.

तिने पहिल्यांदा मुद्दाम भलतंच काहीतरी टाइप केलं. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"काय म्हणतंय?" झुंबरबाई.

"चुकलं म्हणतंय."

दुसऱ्यांदाही तिने मला वगळलं. पुन्हा लाल अक्षरं.

"आवं पाव्हणं," मामा हळूच म्हणाले, पण मामांचं हळू हायवेपर्यंत जायचं, "पोरगी पास तर झालीय ना?"

भुजंगरावांचा चेहरा पडला. "आवं, पहिला वर्ग... मी सोता..." एवढंच ते बोलले आणि पोरीकडे बघत राहिले. रागाने नाही. तिने लवकर काहीतरी करावं आणि आपल्याला सोडवावं, असं बघत होते.

एक प्रयत्न उरला होता. तिसऱ्यांदा चुकवलं तर खातं बंद. अर्ज झाकलेला राहील, पण रायभान सर शेतात, आणि संध्याकाळी जागा गेली. बरोबर टाइप केलं तर सगळं उघडं. तिची बोटं कीबोर्डवर थांबली. मी एवढंच सांगू शकतो की बोटं थंड होती.

मग तिने मला टाइप केलं. सावकाश, एकेक अक्षर.

पान उघडलं. वर निकाल, प्रथम श्रेणी. भुजंगरावांची छाती फुगली आणि फुगलेलीच अडकली, कारण मामा खालचंही वाचायला लागले होते. "एम.ए. परवेश... वसतिगृह... जागा मंजूर. होकार, नकार."

"होकार?" झुंबरबाई भडकल्या. "आमी अजून ठरवलं न्हाई, आन् हे मशीन कशाला मधी पडून राह्यलं?"

मामा वळले. "पाव्हणं, पोरगी जालन्याला राह्यला निघाली व्हय? तुमाला म्हाईत न्हाई?"

बेबीनंदा मान खाली घालून बसली. भुजंगरावांनी आयुष्यात पोलिसासमोर, सावकारासमोर, सरपंचासमोर 'मला म्हाईत न्हाई' म्हटलं असेल. पण सोयऱ्यासमोर, आपल्याच पोरीबद्दल? ते त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं.

"म्हाईत न्हाई कसं?" ते गरजले. "मीच म्हणलो भर म्हणून!"

"आसं?" मामा हसले. मामा काही कच्चे नव्हते. "मंग दाबा की होकार. तुमीच दाबा."

भुजंगराव पुढे झाले. त्यांनी संगणकाचा उंदीर हातात धरला, उलटा. बेबीनंदाने तो सुलटा केला. बाण पडद्यावर इकडेतिकडे पळाला, नकारावरून गेला, जाहिरातीवर चढला. शेवटी तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आबा, हितं."

"हितं ना? बराबर?"

"हां."

टिक् असा आवाज झाला. 'आपला होकार नोंदवला गेला आहे.'

मामा, आत्या आणि संपत समोर रस प्यायला गेले. बापलेक आतच राहिले. बेबीनंदा परत कीबोर्डकडे वळली.

"आता काय करून राह्यलीस?" भुजंगराव.

"पासवर्ड बदलते. समद्यांनी बघितला."

"नवा काय ठिवला?"

"सांगायचा नसतो आबा."

"मला बी?"

"तुमाला बी."

"इतकं लपवायचं आस्तं व्हय शिकल्यावर," ते म्हणाले. मग दाराकडे तोंड करून उभे राहिले, आणि ती टाइप करत होती तोवर वळले नाहीत.

तिथे माझं आयुष्य संपलं. माझ्या जागी कोण आला, मला ठाऊक नाही. ते स्थळ जमलं की मोडलं, तेही ठाऊक नाही. रद्द झालेल्याला कुणी कळवत नाही.

मित्रांनो, पासवर्ड जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. तुम्ही तो जपालच, नाहीतर म्हशीचं नाव ठेवाल. माझी विनंती दुसऱ्याच्या पासवर्डाबद्दल आहे. शेजारी कुणी पासवर्ड टाइप करत असेल तर मान वळवा. त्या दिवशी तिसऱ्या प्रयत्नाला बापासकट सगळे तिच्या बोटांवर वाकले होते. संपत तेवढा पाठ करून हायवेवरचे ट्रक बघत उभा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बेबीनंदाने ते पाहिलं, आणि मग मला टाइप केलं.