माझी तार आणि सगुणाबाईंची गोधडी

मी एक जुना मोडेम आहे. सत्त्याण्णव साली बदलापूरच्या एका बिल्डिंगमध्ये आलो. मित्रांनो, तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि ते आणणं हे माझं काम. माझ्या शिट्टीला घरातले हसायचे. हसोत बापडे!

माझी मालकीण वृंदा. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखान्याचे कॉम्प्युटर प्रोग्रॅम ती घरीच, तान्ह्या बाळाला सांभाळत, लिनक्स या सिस्टिमवर दुरुस्त करून माझ्याकरवी पाठवायची. एका आठवड्यात फायली रखडू लागल्या. साहेबांनी फोनवर बजावलं, "आज दुसरी पाळी सुरू व्हायच्या आत फाईल आली नाही, तर उद्यापासून ऑफिसात या. जमत नसेल तर राजीनामा द्या." बाळाला ठेवणार कुठे? वृंदाचा चेहराच उतरला.

सासरे दिनानाथ यांनी मला दोन चापट्या मारल्या. नवरा हेमचंद्र म्हणाला, "हा डबा भंगारात टाक. उल्हासनगरहून दुसरा आणतो." असा संताप आला मला! अहो, तारेतच खरखर, तर पलीकडे ऐकू काय जाणार? फायलीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाठवून मी मेटाकुटीला आलो होतो.

वृंदाने आधी लिनक्समधली सेटिंग तपासली. कॉम्प्युटर आणि माझ्यातला वेग ठीक होता. पिंग करून, म्हणजे पलीकडे छोटे संदेश धाडून पाहिलं, तर निम्मी उत्तरं वाटेतच गळत होती. मग तिने कनेक्शन तोडून रिसीव्हर कानाला लावला. नुसती खरखर! ती तारेच्या मागोमाग गॅलरीत गेली.

शेजारच्या सगुणाबाईंकडे फोन नव्हता, म्हणून दिनानाथांनीच आपल्या फोनची तार त्यांच्या घरात नेली होती. त्या तारेवर ओली गोधडी वाळत होती! ओझ्याने जोड उघडा पडून भिजला होता.

"अहो मावशी, ही फोनची तार आहे!"

"अगो, रिकामीच होती ना? रोज गोधरी वालत घातली त काय झाला?"

वृंदाने नोकरीचं सांगताच बाई घाबरल्या. गोधडी काढून छातीशी धरत म्हणाल्या, "काप माजी तार, पोरी. तुजी नोकरी नको जायाला."

वृंदाने तार कापली नाही. जोड कोरडा केला, घट्ट पिळला, टेप गुंडाळली. मी शिट्टी मारली आणि काय सांगू, फाईल घेऊन सुसाट सुटलो! सगुणाबाई ओलं ओझं घेऊन दारातच उभ्या.

"गेली का गो?"

"गेली, मावशी!" वृंदा रडतच हसली. संध्याकाळी तिने सगुणाबाईंच्या गॅलरीत नायलॉनची दोरी बांधून दिली.

मित्रांनो, आता मी माळ्यावर पडून असतो. एवढंच मागणं आहे. यंत्र अडलं तर ते फेकण्याआधी त्याची तार कुठवर गेली आहे ते बघा. आणि दुसऱ्या टोकाला कुणी शेजारी असेल, तर त्याची तार कापू नका.