शाफ्टवरचा पोचा

ओडेल स्टँपर शाफ्टला हातोडी मारायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. धड पोलाद घंटेसारखं बोलतं, तडा गेलेलं घसा बसल्यासारखं. आमच्या केंटकीच्या डोंगरातल्या शर्यतीच्या गाड्यांचे शाफ्ट बहुतेक त्याच्याच हातचे. गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारी लांब पोकळ नळी ती. इंजिनाचा सगळा राग तिच्यातून पिळत जातो, तेव्हा कुठे चाक हलतं.

त्याचा थोरला, क्लीट, अशाच शाफ्टपायी गेला. शर्यत सुटतानाच शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणारा पुढचा क्रॉस तुटला, शाफ्टचं टोक खाली पडून डांबरात रुतलं आणि गाडी त्या दांड्यावर उभी राहून उलटी आपटली. ओडेल म्हणायचा, "क्रॉस तुटला. माझ्या शाफ्टला ओरखडासुद्धा नव्हता." खरंच नव्हता. पोरगा मात्र ओळखू येत नव्हता.

आता त्याची धाकटी, रेन्ना, शर्यतीला उतरायची. त्या शनिवारी भर दुपारी तिच्या जुन्या शेव्हेल गाडीखाली अॅल्युमिनियमचा शाफ्ट चमकत होता.

"बिअरचे किती डबे वितळवलेस गं याच्यासाठी?" ओडेलने विचारलं.

"तू रिकामे केलेले सगळे वितळवले असते ना डॅडी, तर अख्ख्या खोऱ्याला शाफ्ट पुरले असते."

"हसू नकोस. नरम धातू आहे तो. पीळ खातो."

"खाऊ दे की. जरा पीळ खातो म्हणूनच धक्का मऊ बसतो, चाकं घसरत नाहीत, डांबर चावून धरतात. हलका आहे, इंजिन झटकन चढतं. आणि तुटलाच तर फाटेल, रुतणार नाही. शिवाय खाली लोखंडी कडं घातलंय. पडला तरी अडकून राहील."

क्लीटच्या गाडीला कडं नव्हतं.

पलीकडे होबार्ट कोम्ब्स तंबाखू चघळत उभा होता. त्याच्याच भावाशी आज रेन्नाची गाठ होती. "म्हाताऱ्या," तो ओरडला, "पोरीने तुला भंगारात काढलं की रे!"

ओडेल बोल्ट बघायला गाडीखाली सरकला. बोल्ट घट्ट होते. मग सवयीने हात हातोडीकडे गेला. घंटा वाजलीच नाही. थप्प, एवढंच. पोलादावर वाढलेल्या कानाला ते दुखणं वाटलं, म्हणून त्याने आणखी जोरात हाणली. मग बोट फिरवलं. शाफ्टच्या पोटात अंगठा बसेल एवढा पोचा पडला होता.

तो बाहेर आला. रेन्ना हेल्मेटचा पट्टा ओढत होती. "ठीक आहे ना सगळं?"

होबार्ट दात काढून बघत होता. खरं सांगितलं असतं तर उद्या सगळं खोरं म्हणालं असतं, पोरीचा शाफ्ट बापाने जळफळाटाने ठेचला.

"ठीक," ओडेल म्हणाला.

सुरुवातीच्या रेषेमागे रेन्नाने टायर तापवायला चाकं जागच्या जागी गरगरवली. रबराचा पांढरा धूर उठला आणि इंजिनाच्या गर्जनेखालून एक बारीक, थरथरता सूर आला, बाटलीत कोंडलेल्या माशीसारखा. आम्हाला कुणालाच तो ऐकू आला नाही. ओडेलला आला. हातातली हातोडी टाकायचंही भान नव्हतं, तो तसाच पळत सुटला.

"बंद कर! रेन्ना, बंद कर गाडी!"

होबार्टला दिसला हातोडी घेऊन गाडीवर धावणारा, शर्यतच मोडायला निघालेला बाप. त्याने धुरातच त्याला आडवा पाडला. "पोरगी जिंकेल म्हणून पोटात दुखतंय होय रे?" पहिल्या बुक्कीत नाक फुटलं, दुसरीत पुढचे दात गेले. ओडेलने हातोडी फिरवली, ती होबार्टच्या गुडघ्यावर बसली, हाड वाजलं. होबार्ट किंचाळला आणि त्याचे दोन सोबती तुटून पडले. बूट बरगड्यांत घुसत होते. "पोचा," ओडेल म्हणत होता, "पोचा..." पण तोंडात रक्त होतं, आणि शब्द रक्तात बुडत होता.

हिरवा दिवा लागला.

शेव्हेल ढुंगणावर बसली आणि झेपावली. काय सुटली ती! चाक घसरलं नाही, शेपटी हलली नाही. सरळ, गुळगुळीत, पाण्यावरून नख ओढावं तशी. अर्ध्या वाटेपर्यंत. मग वेग वाढला, पोचा भोवऱ्यासारखा गरगरला, आणि शाफ्ट ओल्या फडक्यासारखा पिळून फाटला. पुढचं टोक कड्यात अडकून आतल्या आत बडवत राहिलं. फाटलेल्या नळीची एक धारदार पट्टी गाडीचा तळ फाडून वर आली. गाडी उलटली नाही. भिंतीला घासत, ठिणग्या उधळत थांबली.

बूट थांबले. ओडेल उठला, पडला, परत उठला. आमच्या आधी तोच पोचला.

रेन्नाची मांडी उभी चिरली होती, रक्त उसळ्या मारत होतं. त्याने मूठ जखमेत खुपसली, दुसऱ्या हाताने ती दाबून धरली आणि मोडक्या बरगड्यांसकट सगळं अंग तिच्यावर टाकलं.

"मी हातोडी मारली गं. सवयीनं. पोचा पडला. मला दिसला... आणि मी ठीक म्हणालो."

रेन्नाने त्याच्याकडे पाहिलं. मग त्या फुटलेल्या तोंडावर बुक्की मारली. पुन्हा मारली. स्वतःला वाचवायला त्याने हात उचलला नाही. उचलायला हात मोकळा नव्हता. तिसऱ्या बुक्कीला तो मागे कलंडला, मूठ सैल झाली, आणि रक्ताची चिळकांडी काचेवर उडाली.

"काढू नकोस!" तिने त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं. "हात काढलास तर ठार मारीन तुला, डॅडी. दाब!"

त्याने दाबलं. तिने कॉलर सोडली नाही. रक्त बोटांमधून येतच होतं, पण आता उसळत नव्हतं.